गोटी जागीच थांबली

१

टेबलावर ऑरिनची कॉफी गार होत होती, खिडकीबाहेर नदी गुपचूप चालली होती आणि माझ्या खांद्यावर माझा तान्हा ओटो नुकता कुठे झोपला होता. त्या शांततेत टक् असा बारीक आवाज झाला. माझ्या लेकीच्या, हॅटीच्या हातून गोटी सुटून ऑरिनच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, जमिनीवर पडली होती.

आम्ही तिघंही वाट बघत राहिलो. या ट्रेलरमध्ये पलंगाच्या टोकाला गोटी सोडली की तिला ढकलावं लागत नाही. ती आपली आपण निघते, ओट्याजवळून जाते, टेबलाखाली शिरते आणि मागच्या हीटरच्या पत्र्यावर टिंग करून थांबते. हॅटीच्या वयाची असताना मी याच जमिनीवर पोटावर पडून उन्हाळेच्या उन्हाळे हा खेळ खेळले. असे ट्रेलर उभे करायचा हा तळ आता मी चालवते, तेव्हा माझे वडील चालवायचे. ऑरिनची बायको अर्लिस ओट्याशी पावाचं पीठ मळत उभी असायची आणि खाली न बघताच एक पाय उचलून माझ्या गोटीला वाट द्यायची.

आज गोटी हलली नाही. हॅटीने गाल फुगवून फुंकर मारली. गोटी जराशी वळली आणि पुन्हा जागीच थांबली.

"आई, ही दमली का?"

ऑरिननी कप बाजूला सारला. "बघितलंस, ब्रिटा? मी काय म्हणतोय ते? हे माझं घर नाही."

हेच वाक्य ते आठवडाभर म्हणत होते. फेब्रुवारीत बर्फावर घसरून त्यांचा खुब्याचा सांधा मोडला. इस्पितळ झालं, मग चालायला शिकवतात तिथला मुक्काम झाला, आणि मे संपता संपता ते चार पायांची काठी टेकत आमच्या तळावर, नदीकाठच्या आपल्या ट्रेलरमध्ये परत आले. आत पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. म्हणाले, कुणीतरी माझं घर नेलंय आणि हुबेहूब तसंच दुसरं आणून ठेवलंय.

पडदे तेच होते, अर्लिसने शिवलेले. दारावरचा पोचा तोच. पलंगाच्या उशाशी फळीवर बिस्किटांचा निळा डबा होता, ज्यात आता राख होऊन अर्लिस आहे, तोही जिथल्या तिथे. मग लोकांनी काय समजायचं? ऑरिनची मुलगी जॅनेल बुधवारी सू फॉल्सहून आली, वडिलांचं बोलणं ऐकलं, बाहेर येऊन माझ्यापाशी रडली आणि संध्याकाळपर्यंत तिने तिकडच्या वृद्धाश्रमात खोली ठरवूनही टाकली. रविवारी ती त्यांना न्यायला येणार होती.

"मी खुळा झालो असेन तर मुकाट जातो," ऑरिन म्हणाले. "जॅनेलला त्रास नको. पण तू मला एवढंच सांग. ही गोटी का पळत नाही? गोटीचंही डोकं फिरलं का?"

आणि त्या दिवशी शुक्रवार होता.

२

ओटो झोपेत होता तेवढ्या वेळात मी ऑरिनना सगळं विचारून घेतलं. काय काय वेगळं वाटतं ते सांगा, म्हटलं. वेडगळ वाटलं तरी सांगा.

त्यांनी आधी हॅटीकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात सुरुवात केली. सकाळी तव्यावर अंडं फोडलं की ते मधोमध बसतं. पूर्वी ते नेहमी एका अंगाला सरकायचं आणि अर्लिस म्हणायची, तुझ्याकडे यायची घाई झालीय त्याला. कपाटाचं दार उघडलं की उघडंच राहतं, पूर्वी आपणहून लागायचं. आणि फ्रिज! जो फ्रिज वर्षानुवर्षं लोणी धड घट्ट करत नव्हता, त्यात परवा दूध गोठलं.

"आणि झोप?"

"झोप कसली. पाय वर टांगल्यासारखे वाटतात. कुणी अनोळखी माणसाच्या पलंगावर झोपवल्यासारखं."

मी ऐकत होते आणि मला एक गोष्ट खटकत होती. घरात चोर शिरला तर काहीतरी जातं, काहीतरी बिघडतं. इथे तर सगळं सुधारलं होतं. फ्रिज सुधारला, अंडं सुधारलं. असला चोर मी कधी ऐकला नव्हता.

निघताना मी दारावरच्या नकाशाकडे पाहिलं. आमच्याकडे बहुतेकांच्या दारावर तो असतो. देशाचा कोरा नकाशा, आणि आपलं फिरतं घर घेऊन ज्या राज्यात रात्रभर झोपलो त्याचा रंगीत तुकडा त्यावर चिकटवायचा. नुसतं जेवून, पेट्रोल भरून पुढे गेलात तर तो मुक्काम धरायचा नाही. कुणी लिहून ठेवलेला नियम नाही हा, पण तो मोडणाऱ्याकडे तळावरची माणसं तिरक्या नजरेने बघतात. ऑरिन आणि अर्लिसचा नकाशा दक्षिणेच्या टोकापर्यंत भरलेला होता. रिकामी होती ती फक्त नॉर्थ डकोटाची चौकट. आमच्या डोक्यावरचं, अगदी शेजारचं राज्य.

दुपारी जॅनेलचा फोन आला. वडिलांचे कपडे कुठल्या पेटीत भरायचे ते विचारायला. मग तिने दुसरंच काढलं. तिने मला सांगितलं नव्हतं, पण बुधवारी तिला वरच्या फळीवर आईचे गुलाबांचे दोन कप दिसले होते आणि दोन्ही कपांत एकेक लोकरी मोजा कोंबलेला होता. राखाडी, लाल पट्टीचा.

"बाबांना सांगू नकोस," ती म्हणाली. "मी काढून धुवायला टाकले. ज्या माणसाने आईचे कप कुणाला हात लावू दिले नाहीत, तो त्यात मोजे कोंबतो, ब्रिटा. मी अजून कशाची वाट बघू?"

मी तिची समजूत घातली आणि फोन ठेवला. भांडी विसळता विसळता माझा हात थांबला. माझ्या डोळ्यांसमोर माझे वडील उभे राहिले होते, सहलीच्या आदल्या सकाळी, हातात मोज्यांचा ढीग घेऊन. खड्ड्यांतून जाताना कप एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून आमच्याकडची माणसं काय करतात ते मला पाळण्यापासून ठाऊक होतं.

ऑरिनचं घर कुणी बदललं नव्हतं. कुणीतरी ते रस्त्यावर काढलं होतं.

३

ही गोष्ट बोलून दाखवण्याआधी मी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. हॅटी माझा पदर धरल्यासारखी माझ्या सदऱ्याचं टोक धरून मागे. दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर नेहमीचा हिरवट थर होता. खिडक्यांच्या कडांना कोळ्यांची जाळी होती. पण पुढची बाजू, जी गाडीला जोडतात ती, लख्ख होती. कुणीतरी तेवढीच घासून धुतली होती.

"याचं तोंड धुतलंय," हॅटी म्हणाली.

तोंड का धुतात? लांबच्या रस्त्यावरून आलं की त्यावर किडे चिकटून वाळतात म्हणून. उभ्या घराच्या तोंडावर किडे मरत नाहीत.

ऑरिननी आपला जुना ट्रक मागेच विकला होता. ते स्वतः इस्पितळात होते. एप्रिलभर मीही तळावर नव्हते. ओटोच्या जन्माच्या वेळी मी गावात सासूबाईंकडे राहिले होते. तळ अजून उघडायचा होता, पाणी बंद होतं, सगळ्या जागा रिकाम्या होत्या. अशा वेळी इथे एकच माणूस होता.

मर्लला मी मागच्या शरद ऋतूत हिवाळ्याच्या राखणीसाठी ठेवलं. उंच, वाकलेला, कानाने अधू. कधी कुणाच्या जेवणात बसत नाही, कुणाच्या गप्पांत नाही, त्यामुळे तळावर काय चाललंय ते त्याला सगळ्यांच्या शेवटी कळतं. पण काम असं की बघत राहावं. त्याच्या खिशात पेनाऐवजी सपाटी तपासायची पाणसळ असते, ती छोटीशी, हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली. माझ्या कार्यालयात आला की बोलण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करतो.

तो लाकडं फोडत होता. मी ओरडून विचारलं, ऑरिनचं घर हलवलं होतं का कुणी?

त्याने कुऱ्हाड ठेवली. आधी हॅटीला लांब उभं राहायला खुणावलं. मग नदीकडे बघत म्हणाला, "मालकीण, घरच्यांना विचारल्याशिवाय मी कुणाच्या घराला हात लावत नाही."

"म्हणजे लावलात की नाही लावलात?"

"शब्द दिलाय मी," मर्ल म्हणाला. "दुसऱ्याला दिलेला शब्द तुम्हाला कसा देऊ?" आणि त्याने कुऱ्हाड उचलली. त्याचे बूट बर्फातले, जाडजूड. त्यांतून मोजे वर आले होते.

राखाडी. लाल पट्टीचे.

४

असे मोजे या गावात निम्म्या माणसांच्या पायात असतात, हे मी स्वतःला बजावलं. शिवाय मर्लला ऑरिनचं घर नेऊन मिळणार काय? ज्याला काही मिळणार होतं अशी व्यक्ती मला ठाऊक होती आणि ती शेजारच्याच जागेवर फळाच्या वड्या थापत बसली होती.

व्हर्ना दर हिवाळ्यात ॲरिझोनाला जाते आणि तळ उघडला की परत येते. नदीकाठच्या ऑरिनच्या जागेवर तिचा डोळा आहे हे ती स्वतःच सगळ्यांना सांगते. मी पायरीवर बसले तशी तिने ओटोला माझ्याकडून काढून घेतलं आणि त्याचं शेंबडं नाक पुसत माझ्यावर डाफरली. पोराला सर्दी झालीय आणि तू वाऱ्यात घेऊन फिरतेस. मी म्हटलं, घरी सासूबाईंनी त्याच्या पाळण्याच्या उशाकडच्या पायांखाली जाड पुस्तकं घातलीत. डोकं वर राहिलं की श्वास मोकळा होतो म्हणे.

"शहाणी आहे तुझी सासू," व्हर्ना म्हणाली. "अर्लिस एकदा वादळाच्या रात्री माझ्याकडे झोपायला होती. झोपली कसली, खुर्चीत बसून होती. आडवी झाली की छाती भरायची तिची. इतकी वर्षं धान्याच्या कोठारात धूळ खाल्लेली. मला म्हणाली, ऑरिनला बोलू नकोस, तो लगेच फिरणं बंद करेल."

"आणि स्वतःच्या घरात?"

"स्वतःच्या घरात म्हणे गाढ झोपायची. मला त्याचं नवल वाटायचं."

मी तिला सरळच विचारलं की ऑरिनची जागा तुला हवी आहे ना. ती हसली नाही, रागावलीही नाही.

"हवी आहेच. पण ती मला ऑरिन मेल्यावर हवी आहे गं, आत्ता नको. आत्ता तो गेला तर पत्त्यांत मी हरवू कुणाला?" मग तिने बोट दाखवलं. "त्याच्या घराची चौकशी करतेस, माझ्या पाखरांची कोण करणार?"

तिच्या अंगणाच्या कडेला प्लास्टिकचे गुलाबी फ्लेमिंगो उभे असतात. त्यांतले दोन मोडले होते. व्हर्नाच्या मते मर्लने गवत कापायचं यंत्र घातलं त्यांच्यावर. मी वाकून पाहिलं. एका पाखराची मान जमिनीत दाबली गेली होती आणि तिच्यावरून यंदाचं गवत उगवून चांगलं वाढलं होतं. म्हणजे ते मोडलं तेव्हा कापायला गवतच नव्हतं. आणि मोडलेली दोन्ही पाखरं ऑरिनच्या जागेवरून बाहेर पडणाऱ्या वळणावर होती. मोठं घर ओढून काढताना मागचं चाक जिथून जातं तिथे.

जाता जाता मी विचारलं, त्यांचं नॉर्थ डकोटा का राहिलं?

"शेजारीच तर होतं," व्हर्ना म्हणाली. "दरवर्षी म्हणायचे, ते काय, कधीही जाऊ. मग ती गेली. त्यानंतर ऑरिनने शपथ घेतली, अर्लिसशिवाय या घराची चाकं फिरायची नाहीत. माझ्यासमोर घेतली. त्याच्या मुलीसमोर."

जॅनेलसमोर. मी ओटोला परत घेतलं.

५

शनिवारी आमच्याकडे सगळ्यांचं एकत्र जेवण असतं. लहानपणापासून असतं. ज्याने त्याने आपापलं भांडं आणायचं, वर बटाट्याचा थर लावून भाजलेलं काहीतरी प्रत्येक भांड्यात सापडायचंच, आणि मधोमध शेकोटी. अर्लिसच्या आंबट-गोड रूबार्बच्या केकसाठी आम्ही मुलं रांगेत दोनदा उभी राहायचो आणि ती ओळखत नसल्यासारखं दाखवायची. त्या शनिवारी ऑरिन आले नाहीत. व्हर्नाने त्यांची खुर्ची तरीही मांडली.

शेकोटीसाठी लाकडं आणायला मी हॅटीला घेऊन दुपारीच मर्लच्या ढिगाकडे गेले होते. ती वरवरच्या काटक्या ओढत होती. एकदम म्हणाली, "आई, यात चंद्र आहे."

जुनी देवदाराची फळी होती. हाताएवढी रुंद, काळवंडलेली, आणि तिच्या मधोमध एक गोल खळगा. लोखंडाच्या जड पायाने वर्षानुवर्षं दाबून दाबून पाडलेला. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला ते वर-खाली करायचा जो जॅक असतो ना, त्याच्या पायाएवढा. मर्लच्या नजरेला ते कुजकं, कामातून गेलेलं लाकूड होतं. मी मात्र ती फळी हातात घेतली आणि ढिगाशेजारीच खाली बसले.

ही फळी मी वाहिली होती.

जागेवर ट्रेलर लावणं हे आमच्याकडे दोघांचं काम. एकाने गाडी मागे घ्यायची, दुसऱ्याने बाहेर उभं राहून हातवारे करायचे. त्यात संसार मोडायची वेळ आलेली मी पाहिली आहे. ऑरिन आणि अर्लिसचं मात्र नाचासारखं चालायचं. ते चाकावर, ती बाहेर, हाताने ये ये म्हणत. घर जागेवर लागलं की ऑरिन उतरून वीज जोडायला मागच्या बाजूला जायचे आणि पुढचा जॅक अर्लिस फिरवायची. ते तिचं काम होतं. त्यांनी कधी वाकून पाहिलं नाही, कारण पाहायची गरजच नव्हती. मी घुटमळत असायचे. ती मला हळूच म्हणायची, जा, आपल्या गोटीची फळी आण. मी धावत आणायची. ती जॅकखाली सरकवायची आणि ओठांवर बोट ठेवायची. ही आपली गंमत हं, ऑरिनला सांगायचं नाही.

मला वाटायचं, हे सगळं माझ्या गोटीसाठी.

ट्रेलरचा पलंग पुढच्या टोकाला आहे. त्या टोकाखाली फळी, म्हणजे उसं उंच. पाळण्याच्या पायांखालच्या पुस्तकांसारखं. स्वतःच्या घरात अर्लिस गाढ झोपायची, कारण तिने अख्खं घर आपल्या श्वासापुरतं तिरकं करून घेतलं होतं, आणि नवऱ्याला ते आयुष्यभर कळू दिलं नव्हतं. ऑरिनना वाटत होतं आपलं घर सपाट आहे. फिरत्या घरांतले फ्रिज सपाट उभे असले तरच नीट गार करतात, पण अंडं सरकतं, दार लागतं, फ्रिज रडतो, हे सगळं त्यांच्या लेखी घराचे स्वभाव होते. त्यांच्या डोक्याला तिरकेपणा माहीत नव्हता, पण पाठीला माहीत होता.

म्हणजे ज्याने घर परत आणून लावलं त्याची चूक एवढीच की त्याने ते अचूक लावलं. खिशातली पाणसळ काढून, बुडबुडा मधोमध आणून. असं करणारा माणूस कोण ते मला आता ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट उरली होती. घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाही, असं मर्ल म्हणाला होता.

आणि ऑरिनच्या घरचं माणूस जगात एकच होतं.

६

रविवारी जॅनेल आली तेव्हा ऑरिन तयार होऊन बाहेरच्या लाकडी टेबलाशी बसले होते. स्वच्छ सदरा, केस पाण्याने बसवलेले. शेजारी पेटी. पेटीवर निळा डबा. त्यांनी ट्रेलरकडे पाठ केली होती.

मी मर्लला हाताला धरून आणलं होतं. व्हर्नाला बोलवावं लागलं नाही. हॅटी गोटी मुठीत घेऊन माझ्या पायाशी.

जॅनेलने गाडीचं मागचं दार उघडलं तसं मी म्हटलं, "पेटी ठेवण्याआधी एक विचारू? तुझ्या आईचा वाढदिवस कधी असतो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मर्लकडे. मर्लने मान खाली घातली.

"एप्रिलात," ऑरिन म्हणाले. "का?"

मी टेबलावर फळी ठेवली. काय सांगायचं ते मी शक्य तितकं साधं सांगितलं. कपांतल्या मोज्यांपासून धुतलेल्या तोंडापर्यंत, पाखरांच्या मानेपासून बुडबुड्यापर्यंत. मर्लसाठी मला निम्मं ओरडून सांगावं लागलं. ऑरिनना खुळं ठरवून नेताहेत हे त्याला तेव्हाच, तिथेच कळलं. तो टेबलाशी येऊन बसला.

"कप मी भरले होते, बाई," तो जॅनेलला म्हणाला. "दोन रिकामे करायला विसरलो. मोजे माझे. सांगायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात."

जॅनेल गाडीच्या दारापाशीच उभी होती. "मी सांगणार होते," ती म्हणाली. "तुम्ही परत आलात की सांगणार होते, बाबा. आईचा नॉर्थ डकोटाचा तो एक तुकडा राहिला होता. तुमची शपथ मला ठाऊक होती, म्हणून तुम्ही नसताना, तिच्या वाढदिवसाला नेलं. पण शपथ मोडली नाही मी. आई होती घरात." तिने डोळे पुसले. "मर्लनी सगळं जिथल्या तिथे लावलं. मी पडद्याच्या चुण्यासुद्धा पहिल्यासारख्या केल्या. आणि तुम्ही दारात उभे राहून म्हणालात, हे माझं घर नाही. सगळं जसंच्या तसं होतं, बाबा. मग चूक तुमच्या डोक्यातच असणार ना? मला दुसरं काही सुचलंच नाही. मी इतकी घाबरले."

ऑरिन फळीवरून हात फिरवत होते. अंगठा त्या गोल खळग्यात गेला आणि तिथेच राहिला.

"मला म्हणायची," ते शेवटी म्हणाले, "तू फिरव गाडी, बाकीचं माझ्यावर सोड. आणि मला वाटायचं हिला जॅक फिरवायची हौस आहे." त्यांनी नाक ओढलं. "इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपलो. एकदा तरी विचारायचं."

मग त्यांनी मर्लकडे फळी सरकवली. "जॅकखाली घाल ही. आणि ती पाणसळ खिशातच ठेव."

मर्ल गुडघ्यांवर बसला. जॅक करकरला, घराचं पुढचं टोक बोटभर वर आलं. आत काहीतरी खट् झालं. कपाटाचं दार आपणहून लागलं होतं. ऑरिननी मान वळवली, त्या सकाळी पहिल्यांदाच, आणि ट्रेलरकडे पाहिलं.

हॅटीला सांगावं लागलं नाही. ती आत पळाली. आम्ही बाहेर कान देऊन उभे. टक्. मग ती लांबलचक घरघर, ओट्याजवळून, टेबलाखालून, आणि शेवटी टिंग.

"हं," ऑरिन म्हणाले. "हे माझं घर."

जॅनेलने गाडीचं मागचं दार लावलं. पेटी तिनेच उचलली, डबा ऑरिननी, आणि दोघं पायरी चढून आत गेले. ती त्यांच्या मागे, दोन्ही हात त्यांच्या कमरेपासून वीतभर अंतरावर धरून, नुकत्याच चालू लागलेल्या मुलामागे आपण धरतो तसे. आश्रमाच्या खोलीबद्दल ती काही बोलली नाही. व्हर्ना म्हणाली, बरं झालं, माझ्याकडे उद्या पत्ते आहेत.

थोड्या वेळाने आम्ही सगळे दाराशी जमलो. जॅनेलने पर्स उघडून एक छोटं पाकीट काढलं होतं. त्यात नॉर्थ डकोटाचा तुकडा होता, पिवळा, अजून मागचा कागद न काढलेला. चिकटवायची तिची छाती झाली नव्हती. ती म्हणाली, एका तळ्याकाठी मुक्काम केला, खूप वारा होता, आईला आवडलं असतं.

ऑरिननी तुकडा घेतला, मागचा कागद सोलला, नकाशातल्या रिकाम्या चौकटीपाशी नेला आणि तिथेच हात थांबवला.

"नियम नियम आहे," ते म्हणाले. "आपल्या घरात, रात्रभर झोपून. झोपलं कोण?"

मर्ल म्हणाला, तो आपल्या ट्रकमध्ये झोपला होता.

"मी नाही झोपले," जॅनेल म्हणाली. "आईच्या उशीवर डबा ठेवला आणि शेजारी बसून राहिले. उजाडेपर्यंत."

ऑरिनचा हात चौकटीपासून नखभर अंतरावर होता. तुकडा वाऱ्याने थरथरत होता. हॅटी गोटी घेऊन आमच्या पायांतून वाट काढत पुढे आली, फळीवरच्या निळ्या डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई," तिने विचारलं, "मग अर्लिसआजी झोपली होती का?"